फोंडा घाटातून आत्याकडे

पणजीहून कोल्हापूरला जायचं म्हटलं की लोक डोळे मिटून आंबोलीमार्गे जा म्हणतात. चोर्ल्यातून बेळगाव गाठा आणि हायवे पकडा म्हणणारीही एक जमात आहे. आपलं मत तिसरंच. कणकवलीपर्यंत यायचं, उजवीकडे वळून फोंडा घाट चढायचा आणि दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीला जायचं. (गोव्यातलं फोंडा वेगळं, हे सिंधुदुर्गातलं. नकाशाला हे नीट समजावून सांगावं लागतं.) वेळ जास्त लागतो, कबूल. पण जुलैतल्या शनिवारी आंबोलीच्या धबधब्याखाली जी जत्रा भरते, ती एकदा बघा आणि मग बोला.

एकटाच निघालो होतो. मित्र यायला तयार होते, पण मीच नको म्हटलं, कारण काम जरा नाजूक होतं. आत्या कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते, पेठेच्या नदीकडच्या अंगाला. आतोबा गेल्यापासून एकटीच. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, बेंगळुरूत. गेली काही वर्षं पावसाळा आला की त्याची झोप उडते. या वेळी त्याने मला फोन करून सांगितलं, "तू जवळ आहेस, तुझं ऐकते ती. घर सोड म्हणून समजाव." माझं ऐकते हा शोध त्याला कुठून लागला कोण जाणे. असो.

पहाटे पाचला निघालो. कणकवलीत मिसळ, चहा, आणि साडेआठच्या सुमारास घाटाच्या पायथ्याला. पाऊस असा, की वायपर फुल स्पीडवर असूनही समोर फक्त हिरवा रंग कालवल्यासारखा दिसत होता. वर चढत गेलं की धुकं येतं, मोबाईलची रेंज जाते आणि गाणी बंद करावीशी वाटतात. एकट्याने गाडी चालवण्यात हीच तर मजा आहे, गप्प बसलात तरी कुणाला राग येत नाही.

घाटमाथ्यावर एक गंमत आहे. अलीकडे पडलेलं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला जातं. चार पावलं पलीकडे पडलेलं भोगावतीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि मग थेट बंगालच्या उपसागरात. काचेवरून वायपरने उडवलेल्या पाण्याने कुठल्या समुद्राला जायचं, हे तिथे हातभर अंतरावर ठरतं. पण बंगालचा उपसागर गाठायच्या आधी हे पाणी माझ्या आत्याच्या दारावरून जातं, हे त्या दिवशी डोक्यातून जात नव्हतं.

दाजीपूरचं जंगल पूर्वी कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं राखीव रान होतं. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, पुढे हद्द वाढून राधानगरी अभयारण्य. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत हेही आहे. पाटीवर 'बायसन' लिहिलेलं असलं तरी गवा हा काही अमेरिकेतला बायसन नव्हे, आपला गौर. आणि तो मला दिसला! एका वळणानंतर रस्त्याच्या कडेला काळा खडक उभा आहे असं वाटलं, आणि खडकाने मान वळवली. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, पाठीवरून पाणी निथळतंय. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो म्हणतात. मी लांबच थांबलो, हेडलाईट बंद केले, हॉर्नला हात लावला नाही. पाचएक मिनिटं त्याने माझा विचार केला आणि मग सावकाश झाडीत शिरला. घाई नावाचा प्रकार त्याच्या खानदानात नसावा.

पुढे रस्ता राधानगरीच्या जलाशयाच्या कडेकडेने जातो. हे धरण शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी बांधायला घेतलं आणि मुलीच्या नावावरून गावाला राधानगरी नाव दिलं. 1922 साली महाराज गेले तेव्हा काम अर्धवटच होतं. पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला इथे हात जोडावेसे वाटतात ते त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांसाठी. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की आपोआप मिटतो. बटण दाबायला माणूस लागत नाही. इतक्या वर्षांत त्याला एकही अपडेट नाही, विचार करा!

राधानगरीत चहाच्या टपरीवर विचारलं तर मालक म्हणाला, "तीन आणि सहा नंबर उघडल्यात सकाळी." एका दरवाजातून 1428 क्युसेक्स. मनात हिशेब केला, दोन दरवाजांचं मिळून सेकंदाला साधारण 80 हजार लिटर. चहा संपेपर्यंत किती गेलं याचा हिशेब मी केला नाही. तिथून पुढे ऊस, साखर कारखाना, हळदी, पुईखडी असं करत कोल्हापूर. भोगावती सोबतीला. रानातून नुसती ओघळत आलेली ती खाली चांगलीच फुगलेली दिसते.

आत्या दारातच उभी. "आलास? बस, मी चहा टाकतो. आणि मटण आणून ठेवलोय, आखाड संपायच्या आत खाऊन घे." (कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मला मात्र ते ऐकल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटत नाही.)

सोप्यातल्या भिंतीवर दोन रेघा आहेत. एक 2019 ची, तिच्या थोडी वर 2021 ची. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. त्या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. 2019 ला आत्याला बोटीतून काढलं होतं. पाणी ओसरल्यावर घरात आलो तेव्हाचा वास मला अजून आठवतो.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. बेंगळुरू, नाहीतर निदान कळंब्याकडे उंचावर एखादा छोटा फ्लॅट. मोबाईलवर फोटोही दाखवले. तिने शांतपणे पाहिले.

"बेंगळुरूत पाणी येत न्हाई व्हय? 2022 ला टीव्हीवर बघितलो की मी, तुमची कंप्युटरवाली मंडळी ट्रॅक्टरमधनं हापिसला चालली होती."

यावर काय बोलणार?

मग तिने तिची पद्धत सांगितली. 39 फुटाला गॅस आणि फ्रीज वर. 41 झाले की दाराला कुलूप आणि राजारामपुरीत नणंदेकडे. "43 ची वाट बघायची न्हाई. 2021 ला तसंच केलो. बोट लागली का?" नव्हती लागली. आमच्या ऑफिसात असल्या गोष्टीला रनबुक म्हणतात आणि तो लिहायला तीन मीटिंगा लागतात. तरी मला वाटतं तिने हलावं. वय सत्तरीकडे चाललंय, आणि पाणी एखाद्या रात्री ती झोपेत असताना 41 वरून पुढे सरकेल. हे मी तिला सांगितलंही. ती काही बोलली नाही. ताटं उचलून आत गेली.

सकाळी निघायच्या वेळी तिने एक पत्र्याची ट्रंक पुढे केली. आत घराची कागदपत्रं, आजोबांचे तालमीतले फोटो, दादाच्या मार्कलिस्टा, तिचा लग्नातला शालू. "हे तेवढं तुझ्याकडं ठेव. दरवर्षी माळ्यावर चढवायला होत न्हाई आता."

दादाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शालूपण दिला?"

ट्रंक मागच्या सीटवर ठेवून बेल्ट लावला. आत्या खिडकीशी आली. "फोंड्यातनंच जाणार न्हवं? मग राधानगरीत बघ किती दरवाजे उघडल्यात, आणि फोन कर."

केला. "आत्या, चार."

"बरं," ती म्हणाली, "मग गल्लीतल्या पोरांना बोलवून फ्रीज उचलून घेतो. तू घाटात सावकाश जा."