उजेडाने मरणाऱ्या पेशी

टॉमस डॉगर्टी हे नाव मी परवापरवापर्यंत ऐकलंही नव्हतं, आणि आता भेटेल त्याला त्यांच्याबद्दलच सांगत सुटले आहे!

मूळचे अमेरिकेतल्या बफेलोचे रसायनतज्ज्ञ. ड्यूपॉन्टमधली नोकरी सोडून १९७० साली आपल्याच गावातल्या रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत आले. पेशी जिवंत आहेत की मेल्या, हे बघायला ते एक रसायन वापरत. जिवंत पेशी ते आत घेते, पचवते आणि हिरवी चमकायला लागते. साधी, रोजची चाचणी. पण या चमकणाऱ्या पेशी टेबलावर उजेडात राहिल्या की मरत होत्या. जीव आहे का हे बघायला घातलेला पदार्थ उजेड पडताच जीव घेत होता! दुसऱ्या कुणी पुढचा प्रयोग अंधारात उरकला असता. डॉगर्टींनी जुने शोधनिबंध उपसले.

आणि काय काय निघालं त्यातून! १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याला दिसलं होतं, की एकाच रंगद्रव्यात सोडलेले पॅरामेशियम कधी झटपट मरतात, कधी तासन् तास जगतात. फरक फक्त उजेडाचा. १९१२ साली फ्रीडरिश मेयर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने तर हिमोग्लोबिनपासून मिळणारं हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्याच शरीरात टोचून घेतलं आणि उन्हात गेला. चेहरा इतका सुजला की ओळखू येईना. पुढे मेयो क्लिनिकमध्ये त्याच जातीचं रसायन कर्करोगाची गाठ चमकवून शोधायला वापरलं गेलं. सगळे धागे होते. ते हातात घेऊन शेवटपर्यंत नेणारा माणूस हवा होता.

तो माणूस म्हणजे डॉगर्टी. त्यांची युक्ती अशी. त्याच जातीचं औषध शिरेतून द्यायचं. ते शरीरभर पसरतं, पण गाठीत जास्त रेंगाळतं. दोनेक दिवस थांबायचं आणि मग नेमका गाठीवर लाल उजेड सोडायचा. औषधाचा रेणू उजेडाची ऊर्जा घेतो, जवळच्या ऑक्सिजनला देतो आणि तो ऑक्सिजन इतका खवळतो की जिथे तयार झाला तिथेच, पेशीच्याही एका कोपऱ्यात, सगळं जाळून संपतो. औषधाने एकट्याने गाठ मरत नाही, उजेडाने एकट्याने मरत नाही. दोघं भेटतील तिथेच, आणि तेही ऑक्सिजन असेल तरच. मला या उपचारातली ही भेटीची अट विलक्षण सुंदर वाटते.

लालच का? मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट दाबून धरा. पांढरा उजेड आत गेला, बाहेर आला तो लाल. बाकीचे रंग रक्तामांसात अडकतात, लाल पार होतो. मी रात्री अंथरुणात बसून हे करून पाहिलं आणि कितीतरी वेळ बोटाकडेच बघत राहिले! अर्थात लाललाही मर्यादा आहेच. तो काही मिलिमीटरच कामाचा उरतो. म्हणून खोलवरच्या गाठीसाठी बारीक तंतूतून लेझर आत न्यावा लागतो.

१९७५ मध्ये डॉगर्टींच्या गटाने उंदरांमधल्या गाठी बऱ्या केल्या. १९७८ मध्ये माणसांचे निष्कर्ष आले: २५ रुग्ण, त्यांच्या अंगावरच्या ११३ गाठी, त्यातल्या १११ पूर्ण किंवा काही अंशी विरघळल्या. हे वाचून मी खुर्चीतून उठले. आणि तरीही या उपचारातल्या फोटोफ्रिन या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती १९९३ मध्ये, कॅनडात, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी. अमेरिकेने १९९५ मध्ये अन्ननलिकेसाठी दिली. म्हणजे पंचवीस वर्षं एकाच गोष्टीमागे! नोबेलच्या यादीत हे नाव नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

सगळ्यात भावली ती रुग्णाला दिलेली सूचना. इंजेक्शननंतर निदान महिनाभर उन्हात जायचं नाही. सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि इथे काम करतो तो डोळ्यांना दिसणारा उजेड. पण अंधाऱ्या खोलीत कोंडूनही घ्यायचं नाही. घरातल्या मंद उजेडात वावरायचं, कारण त्वचेत उरलेलं औषध तोच उजेड हळूहळू निकामी करत जातो.