नाही म्हणणारा देश

जगातलं सर्वांत उंच, अजून कोणी न चढलेलं शिखर भूतानच्या उत्तर सीमेवर आहे. गांगखर पुएन्सुम, उंची ७,५७० मीटर. १९८५-८६मध्ये काही मोहिमा तिथे गेल्या आणि हवामानापुढे हात टेकून परत आल्या. आणखी पाच-दहा वर्षांत कोणी ना कोणी वर पोचलंच असतं. पण १९९४ साली भूताननं सहा हजार मीटरवरच्या शिखरांना हात लावायचा नाही असं ठरवलं आणि २००३पासून गिर्यारोहणच बंद केलं. वर देवता राहतात, त्यांना त्रास नको, एवढंच कारण. पुढे एका जपानी चमूनं चीनच्या बाजूनं परवानगी मिळवली होती, तीही रद्द झाली. मग १९९९मध्ये त्यांनी शेजारचं एक शिखर गाठून समाधान मानलं.

मी सह्याद्रीत पायपीट करत मोठी झाले. आमच्याकडे डोंगर दिसला की तो चढायचाच असतो. लिंगाण्यावर दोर लागतो, वजीर सुळक्यावर मेखा ठोकल्या जातात, कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रविवारी रांग लागते. आमच्याही देवता वरच राहतात, पण त्यांच्या पायाशी नारळ फोडल्याशिवाय आम्हाला दर्शन झाल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे दोचुला खिंडीत, तीन हजार मीटरच्या वर, हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी ती बर्फाची लांबलचक रांग समोर आली, तेव्हा आमच्या गाडीतल्या काकांनी विचारलं ते अगदी आपल्या स्वभावाला धरून होतं. "बेस कॅम्पपर्यंत तरी सोडत असतील ना?"

गाडीवाल्यानं घोच्या, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या अंगरख्याच्या, बाहीचा पांढरा कफ नीट केला, रांगेकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "क्यों जाना है?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. काकांना उत्तर सुचलं नाही, मलाही नाही. आपल्याला देवराई ठाऊक आहे. त्या चार-दोन एकरांत कुऱ्हाड न्यायची नाही, पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, हे कोकणातल्या पोराला शिकवावं लागत नाही. इथे त्याच हिशेबानं अख्खा हिमालय राखलेला दिसला. राज्यघटनेतही तेच: देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे, असं २००८च्या घटनेत लिहूनच टाकलंय. प्रत्यक्षात जंगल त्याहूनही जास्त आहे.

हा देश आहे केवढा? क्षेत्रफळ साधारण ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या सव्वादोनपट. माणसं आठ लाखांच्या आत. एकट्या पिंपरी-चिंचवडमध्ये याच्या दुपटीहून जास्त राहतात. उत्तरेला चीन, बाकी तिन्ही बाजूंना भारत. एवढ्याशा जागेत, अशा शेजाऱ्यांमध्ये बसलेल्याला सगळ्यांना हो म्हणून चालत नाही, हे नकाशा पाहिला की लक्षात येतं. भूताननं नकाराची कला कमावली आहे आणि मला हा देश आवडला तो बराचसा त्यासाठी. खटकला तोही त्यासाठीच.

जयगांवच्या बाजारात हॉर्नच्या कल्लोळातून वाट काढत आपण सीमेवरच्या रंगीत वेशीशी येतो. पलीकडे फुंत्शोलिंग. शंभर पावलांवर हॉर्न थांबतात. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं आणि थिंपूचा घाट धरायचा. हा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला बांधला. त्याआधी, १९५८ साली, पंडित नेहरू इंदिरा गांधींना घेऊन भूतानला गेले ते नथू ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून. आज आपण त्याच देशात दुपारच्या जेवणाला पोचतो आणि वळणं फार आहेत म्हणून कुरकुरतो.

थिंपूला मुख्य चौकात वाहतुकीचे दिवे नाहीत. मध्यंतरी एकदा बसवले होते, लोकांना ते कोरडे वाटले, काढून टाकले. चौकाच्या मध्यावर देवळासारखी नक्षीदार छत्री आहे, तिच्याखाली पांढऱ्या हातमोज्यांतला पोलीस. मी समोरच्या पायरीवर बसून त्याला बराच वेळ पाहिलं. डावा हात आडवा होतो, तळवा उभा राहतो आणि तिकडची गाडी थांबते. उजव्या हाताची बोटं मनगटातून दोनदा वळतात आणि ही रांग हलते. मग क्षणभर दोन्ही हात खाली, टाचा जुळलेल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. एक म्हातारी काठी टेकत मधेच रस्त्यात उतरली. त्यानं मान न वळवता हात जरा जास्त वेळ आडवा ठेवला, ती पार जाईपर्यंत. दिव्याला हे जमलं नसतं. लक्ष्मी रोडवर हा माणूस तासभर टिकला नसता, हेही खरं.

टीव्हीलाही इथे फार काळ नाहीच होतं. मुंबईत दूरदर्शन १९७२ साली आलं; भूतानमध्ये २ जून १९९९ रोजी, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी. आपल्याकडे 'रामायण' संपून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आधल्या वर्षी फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना थिंपूच्या मैदानात मोठ्या पडद्यावर दाखवला होता आणि त्यानंतर लोकांना थोपवणं अवघड झालं, असं म्हणतात. त्या दिवशीच्या भाषणात राजांनी बजावलं की या पेटीतून चांगलं येईल तसं वाईटही येईल. आता घरोघरी हिंदी मालिका लागतात आणि आमच्या गाडीवाल्याची हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार आहे.

पण मला सगळ्यांत मौज वाटली ती निवडणुकीची. राजानं स्वतःहून सत्ता सोडायचं ठरवलं आणि प्रजा म्हणाली, नको! लोकशाही नकोशी असणारी प्रजा मी पहिल्यांदाच ऐकली. मतदान म्हणजे काय हे कळावं म्हणून २००७मध्ये रंगीत तालीम झाली. पक्ष खोटे: निळा, हिरवा, लाल आणि पिवळा. उमेदवार म्हणून शाळकरी मुलं उभी केली होती. पिवळ्या पक्षानं ४७पैकी ४६ जागा जिंकल्या. पिवळा हा राजाचा रंग! पुढल्या वर्षी खरी निवडणूक झाली, तेव्हाही एकाच पक्षाला ४५ जागा गेल्या. लोकांनी राजाची आज्ञा म्हणून मत दिलं. नंतर मात्र ते सरावले. आता दर खेपेला सरकार बदलतात.

जेवणाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पारोजवळच्या एका घरी आम्ही उतरलो होतो. सहलकंपनीबरोबर येणारी आपली मंडळी स्वयंपाकी सोबत आणतात, भूतानमध्ये बसून पोहे आणि थालीपीठ खातात. त्यांची कीव करावी की हेवा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. त्या घरच्या बाईंनी पाव किलोच्या वर हिरव्या मिरच्या घेतल्या, देठ काढून उभ्या चिरल्या, बिया तशाच ठेवल्या. पातेल्यात मिरच्या, थोडा कांदा, एक टोमॅटो, पाणी, लोण्याचा गोळा. झाकण. मिरच्या मऊ झाल्यावर ताकापासून केलेलं घरचं चीज वरून कुस्करून टाकलं आणि पुन्हा झाकण. ढवळायचं नाही, म्हणाल्या. ही एमा दात्शी. फोडणी नाही, हळद नाही. आपण मिरची घालतो; त्या मिरचीच शिजवतात. तांबड्या भातावर ती घेतली आणि ठेच्यावर वाढलेल्या माझ्या जिभेनं दुसऱ्या घासाला शरणागती पत्करली. बाई हसल्या, भात वाढला, आणि स्वतःच्या ताटात पातेल्यातला उरलेला अर्धा भाग घेतला.

या मिरचीच्या बाबतीतही एक 'नाही' आहे. २०१६ साली भारतातून येणाऱ्या मिरचीत कीटकनाशकं सापडली आणि सरकारनं तिची आयात बंद केली. ज्या देशात मिरची हीच भाजी, तिथे हा निर्णय! भाव भडकले, हिवाळ्यात लोक हैराण झाले, चोरून मिरची येऊ लागली. तंबाखूचंही तसंच झालं. २००४मध्ये विक्री बंद, २०१०मध्ये कडक कायदा. एका तरुण भिक्खूला थोड्याशा तंबाखूसाठी तुरुंगात जावं लागलं. शेवटी करोनाच्या काळात सीमेपलीकडून चोरट्या मालाबरोबर आजार येईल या भीतीनं २०२१मध्ये बंदी उठवावी लागली. नाही म्हणणं सोपं, ते राखायला चौक्या लागतात.

फोब्जिखाच्या दरीत मात्र ते राखलं गेलंय. तिथे हिवाळ्यात तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. गावाला वीज हवी होती आणि तारांना पक्षी अडकले असते, म्हणून तारा जमिनीखालून नेल्या. दलदलीच्या कडेनं चालताना एकही खांब दिसत नाही. पक्षी बटाटे काढून झालेल्या शेतांमध्ये शांतपणे चरत असतात.

आता जे खटकलं ते. देशाच्या दक्षिणेला नेपाळी बोलणारे, बहुतांशी हिंदू शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९८५मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा आला. १९८८च्या जनगणनेत त्यांना सांगितलं गेलं, १९५८ साली इथे होता याचा कागद दाखवा. सारा भरल्याची तीस वर्षांपूर्वीची पावती किती घरांत निघेल? माझ्या घरात तर मागच्या वर्षीची सापडत नाही. त्यातच पुरुषांनी घो आणि बायकांनी किरा हाच पोशाख घालायचा असा दंडक झाला, शाळेतून नेपाळी गेली. १९९०मध्ये मोर्चे निघाले, धरपकड झाली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे लाखभर माणसं देशाबाहेर पडली किंवा काढली गेली. भारतातून ट्रकांनी त्यांना नेपाळच्या सीमेवर पोचवलं, आपणही त्यांना ठेवून घेतलं नाही. झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या बांबूच्या छावण्यांत त्यांनी दीड-दोन दशकं काढली. नंतर बहुतेकांना अमेरिकेनं आणि इतर काही देशांनी घेतलं. भूताननं परत घेतलं नाही.

घो खरोखर देखणा दिसतो. गुडघ्यापर्यंत उचलून, कमरेला विणलेला पट्टा करकचून बांधला की पोटाशी मोठा खिसा तयार होतो. पूर्वी त्यात लाकडी वाटी आणि कट्यार असे, आता मोबाइल आणि विड्याची पुडी. गाडीवाला तो दोन मिनिटांत बांधतो, मागच्या दोन चुण्या इस्त्री केल्यासारख्या. मला त्याचं कौतुक करताना वरच्या परिच्छेदातलं आठवतं आणि कौतुक अर्धं राहतं. याबद्दल त्याला विचारलं तेव्हा त्यानं पुढच्या वळणाकडे पाहत सांगितलं, "वो पुरानी बात है।" इतकंच.

'सकल राष्ट्रीय आनंदा'बद्दल मी मुद्दामच लिहिलेलं नाही. सहलीच्या प्रत्येक माहितीपत्रकात ते असतं. जगाच्या आनंद अहवालात २०१९ साली हा देश ९५वा होता, हे माहितीपत्रकात नसतं. आपण त्याच्याही बरेच खाली होतो, त्यामुळे फार बोलायला नको.

सध्या तिथल्या लोकांच्या तोंडी एकच विषय आहे. तरुण मुलं ऑस्ट्रेलियाला चालली आहेत. शिक्षक, परिचारिका, सरकारी कारकून नोकरी सोडून पर्थला जातात. जोडप्यातला एक जण कॉलेजात नाव घालतो, दुसरा त्याच्या व्हिसावर काम करतो. शिखरांना, दिव्यांना, मिरचीला अडवता आलं, मुलांना कसं अडवणार? म्हणून २०२३च्या डिसेंबरमध्ये आताच्या राजांनी गेलेफूला, आसामच्या सीमेला लागून असलेल्या सपाटीवर, हजार चौरस किलोमीटरहून मोठं नवं शहर वसवायची घोषणा केली. आंतरराष्ट्रीय विमानतळ, परकी गुंतवणूक, वेगळे कायदे. इतक्या मोठ्यानं भूतान पहिल्यांदाच हो म्हणतोय. जागा दक्षिणेतली आहे, हेही नोंदवून ठेवते.

गाडीवाल्याची धाकटी बहीण पारोच्या शाळेत शिकवायची. आता पर्थमध्ये वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. आई दर शरदात छपरावर तांबड्या मिरच्या वाळवते आणि त्यातल्या निम्म्या तिच्यासाठी बांधते. "पोचतात का?" मी विचारलं.

"मिर्ची कभी पहुँचती है, कभी नहीं," तो म्हणाला. "दात्शी तो कस्टमवाले अंदर आने ही नहीं देते।"