पडदा, रॉडसकट

प्रहसनातला मोठा हशा वाक्यालाच मिळतो, असं नव्या लेखकांना वाटतं. त्यांना मी ‘द कॅरोल बर्नेट शो’ या अमेरिकी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमातली एक एन्ट्री आवर्जून दाखवतो.

नोव्हेंबर १९७६. ‘गॉन विथ द विंड’ हा १९३९चा चित्रपट एनबीसीवरून प्रथमच अमेरिकेतल्या घराघरांत पोचला होता. आठवडाही उलटला नव्हता, तोच १३ तारखेला सीबीएसवर बर्नेट आणि मंडळींनी त्याचं विडंबन सादर केलं. विडंबनाला यापरता मुहूर्त नाही! मूळ कथेत कफल्लक झालेली स्कार्लेट घरातल्या हिरव्या मखमली पडद्यांचा झगा शिवून घेते आणि रेटकडे पैसे मागायला जाते. इथली नायिका पडदे ओढून काढते आणि जिना चढून वर पळते. आता ती काय घालून येणार, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक. प्रेक्षक विनोदाच्या आधीच पोचला की लेखकाला घाम फुटतो, तो असा.

संहितेत पडदे नुसते अंगावर लटकवायचे होते. वेशभूषाकार बॉब मॅकी यांना त्यात गंमत वाटेना. त्यांनी मखमलीचा खरोखर देखणा झगा केला, सोनेरी झालर आणि गोंडे लावले, आणि पडद्याचा रॉड तेवढा काढलाच नाही! तो दोन्ही खांद्यांवर आडवा, तसाच. (हा झगा आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि ती त्याची योग्य जागा आहे.) झगा गबाळा असता तर तो नुसता चाळा झाला असता. तो सुंदर आहे, म्हणून रॉड दिसतो; आणि रॉडमध्ये त्या बाईची घाई, गरज, मिजास सगळं एकदम दिसतं.

पण अर्धं श्रेय बर्नेटच्या मानेला. ती राणीसारखी उतरते. प्रेक्षागृह कोसळतं, पण रॉडचं भान तिच्या नजरेत कुठेच नाही. रेटच्या नकलेतला हार्वी कॉर्मन झग्याची तारीफ करतो. ती लाजून सांगते, खिडकीत दिसला आणि मोह आवरला नाही. पुन्हा हशा. पहिला हशा तिने खर्च केला नाही म्हणून दुसरा मिळाला. हशा चढत असताना वाक्य टाकलं तर ते वाहून जातं, पुरता विरू दिला तर पुन्हा शून्यातून उभं राहावं लागतं. उतरत्या लाटेवर वाक्य ठेवणं हे नुसत्या पाठांतराने येत नाही.

याच कार्यक्रमात टिम कॉन्वेचा दातांचा डॉक्टर बधिर करण्याचं इंजेक्शन स्वतःच्याच हाताला टोचून घेतो आणि खुर्चीतला कॉर्मन हसू दाबता दाबता बेजार होतो. लोकांचा जीव त्यावर अधिक, माझाही आहे. पण तो कॉन्वेच्या प्रतिभेचा खेळ, दुसऱ्याला उचलता येत नाही. रॉड मात्र शिकता येतो.

आपल्याकडे कपडे बहुधा रंगीत तालमीला येतात. तोवर विनोद घट्ट झालेला असतो, त्यात काही घुसवायला जागा नसते. म्हणून मी कपडेपट आणि प्रॉपर्टी सांभाळणाऱ्यांना पहिल्या वाचनालाच बसवतो. ते संवादांवर बोलत नाहीत. विचारतात, ही बाई घाईत तयार झाली का? घरात आरसा आहे का? साडी कुणाची नेसली आहे?

मी तिथेच पेन उघडतो.