भाड्याची खोली

दोस्तांनो, गोवंडी स्टेशनवर उतरून देवनारच्या रस्त्याने चालत गेलात, तर एक पाटी हमखास दिसेल : 'रूम भाड्याने मिळेल'. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, बाजूला मोरी! देवनार एकेकाळी मुंबईबाहेरचं खेडं होतं. 1927 पासून शहराचा कचरा इथे येऊ लागला. 1954 साली टाटा समाजविज्ञान संस्था इथे राहायला आली. 'राहायला आली' असंच म्हणायला हवं, कारण 1936 साली ती सुरू झाली भायखळ्याजवळ, नागपाड्याला. म्हणजे तिनंही घर बदललंच की!

इथे शिकायला, नोकरीला येणाऱ्यांना आधी शोधावी लागते खोली. मग दलाल येतो, अनामत रक्कम येते, अकरा महिन्यांचा करार येतो. अकराच महिने का बरं? नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती कटकट टाळायला ही पद्धत पडली. पण महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं सांगितलं, की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची. आईबाबांना हे जरूर विचारा!

आता एक जुनी खोली बघायला जाऊ या. गोवंडीहून हार्बरची गाडी पकडा, कुर्ल्याला बदला आणि परळला उतरा. इथे बी.आय.टी. चाळी आहेत. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांत माणसं पटापट मेली. तेव्हा 1898 साली 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्यानं रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या. बी.आय.टी. ही त्याचीच आद्याक्षरं.

इथल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत 1912 ते 1934 अशी बावीस वर्षं कोण राहत होतं, ठाऊक आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! एका खोलीत संसार, दुसरीत अभ्यास. त्याआधी हे कुटुंब डबक चाळीत एकाच खोलीत राहायचं. लहान भीमरावाला लवकर झोपवून वडील रामजी जागे राहत. रात्री दोनला मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि मग स्वतः झोपायचे. जागा कमी, पण घरात सगळ्यांची सोय लावायची ती अशी! 1907 साली भीमराव मॅट्रिक झाला.

पण याच माणसाला 1917 साली बडोद्यात खोली मिळेना. अमेरिकेत आणि लंडनला शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले होते. जवळ पैसे होते, पदव्या होत्या. तरी 'अस्पृश्य' म्हणून कुणी जागा देईना. शेवटी जात लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांत ते कळलं आणि लाठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. मित्रांनीही सबबी सांगितल्या. अखेर बागेत बसून वेळ काढला आणि मुंबईची गाडी पकडली. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

ही गोष्ट जुनी झाली, असं म्हणू नका हं. आजही खोली मागायला आलेल्याला आधी आडनाव विचारलं जातं. काय खाता, कुठला धर्म, एकटे आहात का, असे प्रश्न होतात. भाडं वेळेवर देणार का, खोली नीट ठेवणार का, हे विचारणं रास्तच आहे. पण बाकीच्या उत्तरांवरून दार लावून घेणं बरं नव्हे.

तेव्हा तुमच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं, तर एक काम करा. पाणी किती वाजता येतं, दूध कुठे मिळतं, ते जाऊन सांगा. त्यांच्याकडे तुमच्या वयाचं कुणी असेल, तर संध्याकाळी खेळायला हाक मारा!