मोटारींचे थिएटर

आमचे अप्पा गावच्या थिएटरात डोअरकीपर होते. तिकीट नसेल तर पोटच्या पोरांनाही ते आत सोडत नसत. मग ताई आणि मी बाहेरच्या पायरीवर बसून, नुसते संवाद ऐकून सिनेमा 'पाहत' असू.

पुढे ताई लग्न होऊन अमेरिकेत डेट्रॉइटला गेली. अप्पा वारले तेव्हा ती आली नाही. का, ते मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. फोनवर मग आम्ही हवापाण्याचेच बोलू लागलो.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने मला हट्टाने बोलावून घेतले. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "चल, तुला थिएटर दाखवते." आणि गाडी तिने थेट थिएटरच्या आत घातली!

हे मिशिगन थिएटर. १९२६ साली ते उघडले तेव्हा चित्रपट मुकेच होते. साथीला भला मोठा ऑर्गन होता, आणि खुर्च्या होत्या सुमारे चार हजार. पुढे टेलिव्हिजन आला. घरोघर मोटारी झाल्या, माणसे शहराबाहेर राहायला गेली आणि मध्यवस्तीतली थिएटरे ओस पडली. जवळच्या, १९२८ सालच्या फॉक्स थिएटरचे नशीब चांगले. १९८८ साली ते दुरुस्त होऊन पुन्हा गजबजले. याला मात्र १९७६ साली कुलूप लागले. पाडावे, तर लगतच्या कचेऱ्यांच्या इमारतीला धोका. आणि त्या कचेऱ्यांना तर गाड्या लावायला जागा हवी होती. तेव्हा खुर्च्या काढून आत मोटारींसाठी मजले घातले. छतावरची नक्षी तेवढी वर राहून गेली.

गंमत अशी, की याच जागी पूर्वी विटांची एक लहानशी शेड होती. तिथे हेन्री फोर्डने १८९६ साली आपली पहिली मोटार बनवली. ती बाहेर काढायला दार अरुंद पडले, म्हणून त्याने कुऱ्हाडीने भिंत फोडली! इथून निघालेली मोटार ऐंशी वर्षांनी पुन्हा इथेच मुक्कामाला आली.

ताईने इंजिन बंद केले, पण ती उतरली नाही. पडलेल्या गिलाव्याकडे, मळक्या सोनेरी वेलबुट्टीकडे पाहत म्हणाली, "रोज कामावर येताना गाडी इथंच लावते. अंधार असतो. वाटतं, आता अप्पा बॅटरी घेऊन येतील नि जागा दाखवतील."

मी गप्प राहिलो.

"तेव्हा विमानाच्या तिकिटाला पैसे नव्हते रे," ती हलकेच म्हणाली. "तुला सांगायची लाज वाटली."

इतकी वर्षे मनात धरलेला राग मला त्या क्षणी फार क्षुद्र वाटला. मी नुसता तिच्या हातावर हात ठेवला.

गावी परतल्यावर ट्रंकेतली अप्पांची बॅटरी काढली, पुसली आणि पार्सलने तिच्याकडे रवाना केली. सोबत चिठ्ठी ठेवली : 'ताई, सेल तिकडचे घाल.'