ढालीवरचं अस्वल

डेन्मार्कचे राजे दहावे फ्रेडरिक यांनी २० डिसेंबर २०२४ रोजी आपलं राजचिन्ह बदललं. १ जानेवारी २०२५ ला ते जाहीर झालं. तीन मुकुट गेले, अस्वल मोठं झालं, एवढ्यावर बातम्या आटोपल्या. मी युरोपातल्या राजघराण्यांच्या मानचिन्हांचा अभ्यास करते. माझ्या लेखी ही आपल्या काळातली फार महत्त्वाची घटना आहे, आणि ती समजून घ्यायला ढालीबरोबर माणूसही पाहावा लागतो.

मानचिन्हाची ढाल म्हणजे राजाचा सातबारा. कोणता मुलूख कोणाच्या नावावर, हे तिथे चित्रांत नोंदलेलं असतं. नोंद चढते पटकन, उतरता उतरत नाही. इंग्लंडच्या राजांनी फ्रान्सच्या गादीवरचा हक्क सांगणारी लिलीची फुलं थेट १८०१ पर्यंत ढालीवर ठेवली होती. त्यामुळे एखादं चिन्ह वाढलं की मी नोंद घेते. पण एखादं चिन्ह कोणी आपणहून उतरवलं, की थांबून कारण शोधते.

डेन्मार्कने उतरवले ते तीन सोनेरी मुकुट. १३९७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही तीन राज्यं काल्मारच्या संघात एका छत्राखाली आली. १५२३ मध्ये स्वीडन बाहेर पडलं. तरीही डॅनिश राजांनी मुकुट सोडले नाहीत. स्वीडननेही त्यांवर आपला हक्क सांगितला, आणि १५६३ ते १५७० या सात वर्षांच्या युद्धामागे जी भांडणं होती त्यांत या मुकुटांचंही एक भांडण होतं. चित्रासाठी माणसं मेली, असं आज वाचताना विचित्र वाटेल. पण चित्र म्हणजेच दावा होता, आणि दोन्ही दरबार तो दावा पुरता ओळखून होते.

आता जुनी ढाल जवळून पाहू. राणी मार्गारेट दुसऱ्या यांनी १९७२ मध्ये गादीवर येताच घराण्याचा बराच पसारा आवरला. होल्श्टाइन, लाउएनबुर्ग अशा केव्हाच गमावलेल्या मुलखांची चिन्हं काढली, ‘वेंड आणि गॉथ लोकांचे राजे’ हे जुनं बिरुदही सोडलं. उरलेल्या ढालीचे लाल काठाच्या पांढऱ्या क्रूसाने चार भाग केलेले. त्यांतला एक भाग पुन्हा आडवा दुभागलेला: वर तीन मुकुट, आणि खालच्या अर्ध्यात शेजारी शेजारी फेरो बेटांचा मेंढा व ग्रीनलंडचं पांढरं अस्वल. म्हणजे अस्वलाच्या वाट्याला ढालीचा जेमतेम सोळावा हिस्सा. ग्रीनलंडचं क्षेत्रफळ एकवीस लाख चौरस किलोमीटरहून जास्त; खुद्द डेन्मार्क त्याच्या पन्नासाव्या भागाएवढा. आणि त्या अस्वलाच्या डोक्यावर चारशे वर्षांहून अधिक काळ कोणाच्याच कामाचे नसलेले मुकुट!

नव्या ढालीत मेंढ्याला स्वतंत्र चौथाई मिळाली, अस्वलालाही. उरलेल्या दोन चौथायांत डेन्मार्कचे तीन निळे सिंह आणि श्लेस्विगचे दोन सिंह. निळ्या जमिनीवर मागच्या पायांवर उभं राहिलेलं रुपेरी अस्वल आता लांबूनही ओळखू येतं. मानचिन्हाची खरी परीक्षा तीच. रणांगणावर धुळीत ओळखता यावं म्हणून तर ही विद्या जन्माला आली.

फ्रेडरिक यांचा जन्म २६ मे १९६८ चा. आरहूस विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्र केलं. मधलं एक वर्ष हार्वर्डला ‘फ्रेडरिक हेन्रिकसेन’ या नावाने काढलं. हेन्रिक हे वडिलांचं नाव, म्हणजे हेन्रिकचा मुलगा. नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांच्या पथकाचं खडतर प्रशिक्षण पुरं केलं. पण राजचिन्हाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २००० सालचं वर्ष. त्या वर्षी ते सिरियस मोहिमेबरोबर चार महिने उत्तर ग्रीनलंडच्या बर्फात होते. कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि स्की यांच्या बळावर त्या तुकडीने सुमारे २,८०० किलोमीटर अंतर कापलं. २०११ मध्ये जुळी मुलं झाली, तेव्हा मुलाच्या नावात मिनिक आणि मुलीच्या नावात इवालो ही ग्रीनलंडची नावं घातली. अस्वल ढालीवर मोठं झालं ते २०२४ मध्ये. या घरात ते आधीच आलेलं होतं.

१४ जानेवारी २०२४ रोजी मार्गारेट यांनी, गादीवर बसल्याला बरोबर बावन्न वर्षं झाली त्या दिवशी, सही करून राज्य मुलाला दिलं. डेन्मार्कच्या राज्यकर्त्याने स्वेच्छेने गादी सोडण्याची ही ११४६ नंतरची पहिलीच वेळ. डेन्मार्कमध्ये आता राज्याभिषेक होत नाही. पंतप्रधान सज्जातून नव्या राजाच्या नावाची द्वाही फिरवतात, झालं. गादीवर येताच फ्रेडरिक यांनी मानचिन्हासाठी समिती नेमली. तीन मुकुट आता गैरलागू आहेत, असं तिच्या शिफारशीनुसार ठरलं.

पुष्कळांनी या बदलाला डोनाल्ड ट्रम्प यांना दिलेलं उत्तर म्हटलं. तारखा वेगळं सांगतात. ग्रीनलंडची मालकी अमेरिकेला हवीच, असं ट्रम्प यांनी २२ डिसेंबरला लिहिलं. राजाज्ञा त्याआधी दोन दिवसांची, आणि समिती तर वर्षाच्या सुरुवातीची. अर्थात ट्रम्प यांनी ग्रीनलंड विकत घेण्याची भाषा २०१९ मध्येच केली होती, त्यामुळे संदर्भ सगळ्यांच्या डोक्यात होताच. तरी मला या ढालीत प्रत्युत्तरापेक्षा पस्तिशीच्या आधी बर्फात रुजलेली निष्ठा दिसते.

ढालीच्या मधोमध छोटी ढाल आहे: सोन्यावर दोन लाल पट्टे, ओल्डेनबुर्ग घराण्याचे. हे घराणं १४४८ पासून डेन्मार्कच्या गादीवर आहे. फ्रेडरिक यांचे वडील फ्रेंच, तरी हृदयस्थानी राहिले ते आईकडून आलेले पट्टे.

ढालीभोवती ऑर्डर ऑफ द एलिफंट या सर्वोच्च सन्मानाची माळ असते, आणि तिच्यात खरोखरच पाठीवर बुरूज घेतलेले हत्ती आहेत. १९४७ मध्ये हा सन्मान मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी आपल्या ढालीवर चिनी यिन-यांग काढवून घेतलं. सन्मानितांच्या ढाली फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्याच्या प्रार्थनामंदिरात लागतात. हत्तींवरून भारत आठवतो, पण भारताशी डेन्मार्कचा प्रत्यक्ष संबंध आला तो मुख्यतः तमिळनाडूतल्या तरंगमबाडीतून. १६२० पासून १८४५ पर्यंत ते ठाणं डॅनिश होतं, आणि त्यातला दीर्घ काळ भोवती तंजावरच्या भोसल्यांचं राज्य होतं. दुसऱ्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ तरंगमबाडीच्याच मिशनमधले. तिथल्या नाण्यांवर डॅनिश राजांची मुकुटांकित आद्याक्षरं आहेत. राजाच्या ढालीवर मात्र तरंगमबाडीला कधी घर मिळालं नाही.

मुकुट काढल्याने इतिहास पुसला, ही तक्रार मला मान्य नाही. इतिहास दफ्तरखान्यात सुरक्षित असतो. ढालीवर आजचं खरं असावं. मात्र अस्वलाचं चित्र मोठं केल्याने ग्रीनलंडशी असलेला जुना हिशेब मिटत नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत ग्रीनलंडच्या हजारो स्त्रियांना आणि मुलींना, कित्येकींना संमतीविना, गर्भनिरोधक साधनं बसवली गेली. पंतप्रधान मेटे फ्रेडरिकसेन यांनी त्याबद्दल ग्रीनलंडची राजधानी नूकमध्ये जाऊन माफी मागितली, ती २०२५ मध्ये.

या ढालीवर एके काळी आइसलंडचा ससाणाही होता. १९४४ मध्ये आइसलंड प्रजासत्ताक झालं आणि १९४८ मध्ये ससाणा उतरला. अस्वल किती काळ राहील, हे कोपनहेगनमधली कुठलीही समिती ठरवू शकत नाही. २००९ च्या स्वशासन कायद्याने स्वतंत्र होण्याचा निर्णय ग्रीनलंडच्या जनतेकडे दिलेला आहे.