कल्ले उचलून पाहताना

आजी मासा घ्यायची तेव्हा आधी कल्ले उचलायची. लालभडक असले तर पोटावर बोट दाबायची. खळगा तसाच राहिला की मासा परत कोळणीच्या पाटीत. पेण-अलिबागच्या खारेपाटात तेव्हा भातशेताच्या कडेला तळी होती. उघाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं आत यायची. जावई यायचा म्हटलं की जिताडा निघायचा. त्या माशाला कोणतं औषध दिलंय, हा प्रश्न आजीला कधी पडला नाही. दिलंच कुणी नव्हतं.

मग खाजणांत कोळंबीची तळी आली. आधी टायगर आणि 2009 नंतर व्हेनामी. दाटीने वाढवलेल्या कोळंबीत रोग वणव्यासारखा पसरतो. 1994-95 साली पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशभरातली तळी बसली. रोग विषाणूचा, तरी हवालदिल माणसांनी पाण्यात अँटिबायोटिक ओतली. विषाणूवर ती चालतच नाहीत. माणसं दोषी होती असं मला वाटत नाही. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

लहानपणी टायफॉइडमधून मला अशाच एका अँटिबायोटिकने, क्लोरॅम्फेनिकॉलने, उठवलं. तेच औषध क्वचित एखाद्याच्या अस्थिमज्जेतलं रक्त बनणंच थांबवतं, आणि किती कमी मात्रा निर्धोक हे ठरवता येत नाही. म्हणून अन्नासाठी वाढवलेल्या जिवांत त्याला पूर्ण बंदी. कोळंबी विकत घेणाऱ्या युरोपने 2003 साली सांगितलं, किलोमागे 0.3 मायक्रोग्रॅम इतकं थोडं असलं तरी तपासणीत सापडलंच पाहिजे. हिशोब करून पाहिला: 250 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल आठशे टन कोळंबीत सारखी पसरली तरी ती पकडली जायला हवी! आजीच्या बोटाला, नाकाला हे कसं कळावं? औषधाने कल्ल्यांचा रंगही बदलत नाही.

पूर्वी नमुना बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि वाट पाहत बसायचं. तोवर तळ्यातली कोळंबी रोज खाद्य खात राहायची, आणि रात्री पाण्याला हवा देणारा एरेटर बंद पडेल या धास्तीने मालकाला झोप नसायची. आता चुलतभावाच्या शेडमध्ये कोळंबीचं मांस वाटून अर्क काढतात, थेंब पट्टीवर टाकतात, दहा मिनिटांत कळतं. ही पट्टी कोविडच्या पट्टीच्या उलट बोलते. दोन रेघा उमटल्या तर माल स्वच्छ. दुसरी रेघ पुसट झाली किंवा उमटलीच नाही तर औषध असल्याचा संशय. संशय आला की नमुना मोठ्या यंत्राकडे जातो, शेवटचा शब्द त्याचाच. नायट्रोफ्युरान हे दुसरं औषध मात्र जास्त त्रास देतं. मूळ औषध काही तासांत मोडतं, पण त्याचे तुकडे मांसाला आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात, आणि ते सोडवायला रात्रभर आम्लात ठेवावं लागतं. तिथे घाई चालत नाही.

गेल्या महिन्यात काढणीच्या आदल्या संध्याकाळी शेडमध्ये होतो. भावाने पट्टी दिव्यासमोर धरली. पहिली रेघ आली. दुसरीसाठी आम्ही सगळे श्वास धरून उभे होतो. ती आली, गडद. भाऊ काही बोलला नाही. बर्फाच्या गाडीला फोन लावला.